एकट्याला एक हरीण जास्त होतं

नोएलीनच्या घरामागे कपडे धुण्याची खोली होती. तिच्या दाराबाहेर एक जाडजूड खिळा होता, आणि दर दहा-पंधरा दिवसांनी सकाळी उठून बघावं तर त्या खिळ्याला पिशवी लटकलेली असायची. पिठाची जुनी कापडी पिशवी, धुऊन धुऊन विरलेली. आत हरणाचं मांस. कधी मांडी, कधी पाठीची पट्टी. मुलं लहान होती तेव्हा बहुतेक वेळा कलेजीसुद्धा, वेगळ्या कागदात नीट गुंडाळलेली. पिशवी कोण टांगतं हे विचारायची गरज नव्हती. दूर दक्षिण समुद्रातल्या राकिउरा बेटावरचं ते गाव एवढंसं, की कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे चार घरं पलीकडच्याला कळायचं.

पिशवी टांगायचा मॅग्नस टलक. वरच्या वळणावर, धक्क्याकडे तोंड केलेल्या घरात तो एकटा राहायचा. नोएलीनचा नवरा डेस मासेमारीला गेला आणि समुद्राने त्याला परत दिलं नाही, त्यानंतरच्या आठवड्यात पहिली पिशवी आली. तेव्हा केरी आणि लायल ही दोन्ही पोरं शाळेत होती आणि नोएलीन मासळीच्या कारखान्यात कॉड सोलायला नुकतीच लागली होती. दोन-तीन पिशव्या झाल्यावर ती आभार मानायला वर गेली. मॅग्नस फाटकाशीच उभा होता.

"काका, ते मांस..."

"खराब झालं असतं," तो म्हणाला. "कुणीतरी खायला हवंच ना!" आणि फाटक लावून आत गेला.

पुन्हा दोनदा तिने प्रयत्न केला. एकदा त्याने हवामानाची गोष्ट काढली आणि एकदा ऐकूच येत नसल्याचं सोंग केलं. शेवटी तिने नाद सोडला. पिशवी धुऊन, तिच्यात गूझबेरीच्या मुरंब्याची बरणी घालून ती त्याच्या फाटकाला अडकवायची. बरणी रिकामी परत यायची. असं करता करता पोरं मोठी झाली, खांद्याला रुंद झाली आणि कामधंद्याला सामुद्रधुनी ओलांडून मुख्य भूमीवर गेली. पिशवी मात्र यायची थांबली नाही.

थांबली ती मॅग्नसला झटका आला तेव्हा. पानगळीच्या सुमारास एका सकाळी तो स्वयंपाकघरात पडलेला सापडला. विमानाने त्याला इन्व्हरकारगिलच्या इस्पितळात नेलं. महिन्याभराने परत आला तो डावा हात छातीशी धरून, डावा पाय फरफटत. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळल्यासारखी झाली होती. जीभ मात्र शाबूत होती.

नोएलीन कारखान्यातून सुटली की रोज त्याच्याकडे जायची. सूप करायची, चूल पेटवून द्यायची, शर्टाची बटणं लावायला मदत करायची. बटणं लावून घेताना तो छताकडे बघत राहायचा.

"पुन्हा मेंढी?" एका संध्याकाळी ताटात बघून तो म्हणाला.

"दुकानात मेंढीच आहे, काका."

"इस्पितळात महिनाभर मेंढी. इथे मेंढी. आता दारात कुणी आलं की मी बें बें करून ओरडणार आहे."

तो हसण्यावारी नेत होता, पण ताट निम्मं तसंच राहिलं. मनगटं काठ्यांसारखी झाली होती. नोएलीनने ताट उचललं, विसळलं, आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मला शिकवा."

"काय? विणकाम?"

"हरीण मारायला."

मॅग्नस हसला. हसू अर्ध्याच तोंडावर उमटलं, पण आवाज पुरेपूर निघाला. "तू? अगं, तू चालतेस तेव्हा माझ्या कपाटातल्या बशा वाजतात."

"मग चालायलाही शिकवा."

 मॅग्नसने उजव्या हाताने काठी उचलून निजायच्या खोलीकडे रोखली. "कपाटात आहे. किल्ली घड्याळामागे."

रायफल लहानखुरी होती. दस्त्याचा रंग हाताने पुसून पुसून काळपट झालेला. ती दोनशे बावीस बोअरची, आकड्यात तीन दोन. गावात तिला सगळे पत्त्यांतल्यासारखं 'तीन दुर्र्या' म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे. नोएलीनने ती उचलली तेव्हा तिलाही नवल वाटलं. एवढ्याशा वजनाच्या वस्तूवर आपली पोरं वाढली!

"क्लॅरी हिला सशाची बंदूक म्हणतो," ती म्हणाली. क्लॅरी धक्क्यावरचा डिझेलचा पंप चालवायचा आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं काही ना काही मत असायचं.

"क्लॅरीकडे तोफ आहे. तोफेने तो दरवर्षी दोन-चार झाडं पाडतो." मॅग्नस खुर्चीत पुढे सरकला. "हे बघ पोरी. आपल्या रानात पंधरा पावलांच्या पलीकडचं काही दिसत नाही. तिथे लांब पल्ल्याचं काम काय? हिचा आवाज कमी, धक्का कमी, मांस खराब होत नाही. पण गोळी आहे चण्याएवढी. पानाला घासली तरी वाट सोडते. म्हणून झाडीतून मारायचं नाही. फट मिळेपर्यंत थांबायचं. फट नाही, तर गोळी नाही. हे एवढं कळलं तर बाकी सगळं सोपं आहे."

"आणि फट मिळालीच नाही तर?"

"मग घरी येऊन मेंढी खायची."

परवान्यासाठी गावच्या पोलिसाने तिला बोलावलं, चहा पाजला, नियम विचारले आणि शेवटी म्हणाला, "मॅग्नस शिकवतोय ना? मग मी काय विचारणार!" त्यानंतर शिकवणी सुरू झाली. नेम धरायचं तिला लवकर जमलं. मॅग्नसच्या परसात पत्र्याचा डबा ठेवून ती मारायची आणि डबा पडायचा. चालणं मात्र जमेना. त्यासाठी मॅग्नसने वेगळाच उद्योग काढला. घराभोवती वाळक्या काटक्या, पालापाचोळा पसरायला लावला आणि स्वतः ओसरीवर खुर्ची टाकून डोळे मिटून बसला. नोएलीनने घराला वळसा घालून त्याच्या खुर्चीपर्यंत यायचं, त्याला ऐकू न येता.

"ऐकू आलीस," तो डोळे न उघडता म्हणायचा. "पहिल्यापासून."

ती पुन्हा मागे जायची.

"ऐकू आलीस. टाच आधी टेकवतेस. बाहेरची कड टेकव, मग भार टाक. आणि घाई कसली आहे? कारखान्याचा भोंगा झालाय का?"

रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची. चाळिशी ओलांडलेली बाई दिवसाउजेडी म्हाताऱ्याच्या घराभोवती बगळ्यासारखे पाय उचलत फिरतेय! एका रविवारी ती खुर्चीपाशी पोचली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मॅग्नस दचकून शिवी हासडून उठायला गेला आणि काठी पडली.

"जमलं!" नोएलीन ओरडली.

"डोळा लागला होता माझा," मॅग्नस म्हणाला.

"घोरत नव्हतात."

"मी घोरत नाही." पण त्या संध्याकाळी त्याने मेंढीचं ताट चाटूनपुसून संपवलं.

पहिल्या खेपेला तिने लहान होडक्यातून खाडी ओलांडली. पलीकडच्या अंगाला मेरीचा किनारा म्हणून एक जागा होती, तिथे मॅग्नस वर्षानुवर्षं जायचा. दिवसभर ती रानात फिरली आणि तिला दिसलं ते फक्त एक पांढरं शेपूट, नेच्यांच्या वर फडफडून नाहीसं झालेलं. दुसऱ्या खेपेला तेही नाही. नुसती एक मोठी फुरफुर ऐकू आली, आपल्या मूर्खपणावर कुणी नाक उडवावं तशी.

धक्क्यावर क्लॅरी वाट बघत उभा असायचा.

"काय गं नोएलीन, हसून हसून मेलं का एखादं?"

"तुझ्या झाडांनी नमस्कार सांगितलाय," नोएलीन म्हणाली आणि होडकं बांधू लागली. पण घराकडे चढताना ती रेंगाळली. मॅग्नस खिडकीत बसलेला असणार, आणि रिकामे हात त्याला लांबूनच दिसणार.

 वारा कुठून होता, एवढंच त्याने विचारलं. तिने सांगितलं. "म्हणजे तुझ्या मानेवर होता," तो म्हणाला. "गालावर असायला हवा. सकाळी ओढ्याच्या डाव्या अंगाने चढ. वाऱ्याने ब्रॉडलीफची पानं पडली असतील. ती पानं म्हणजे त्यांची मिठाई."

तिसऱ्या खेपेच्या आधीच्या दिवसांत दक्षिणेचं वादळ येऊन गेलं होतं. ती निघाली तेव्हा आभाळ धुतल्यासारखं होतं आणि खाडी ताटात पाणी ओतून ठेवल्यासारखी स्थिर. मेरीच्या किनाऱ्यावर तिने होडकं वर ओढलं, दोरी झाडाला बांधली, आणि ओढ्याच्या डाव्या अंगाने रानात शिरली.

आत शिरताच उजेड हिरवा झाला. रिमूची जुनी झाडं वर कुठेतरी गेलेली, त्यांच्या बुंध्यांवर शेवाळाच्या गाद्या, खाली कमरेपर्यंत नेचे, आणि मधून मधून काळ्या दोरखंडांसारख्या वेली आडव्यातिडव्या पसरलेल्या. एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं. बघायचं. पुन्हा एक पाऊल. मॅग्नसने सांगितलं होतं, हरीण शोधू नकोस. हरणाचा तुकडा शोध. आडवी रेघ दिसली तर बघ, कारण रानात सगळं उभं असतं. गाल गार लागत होता. वारा बरोबर होता.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. एका उतारावर ब्रॉडलीफची फांदी मोडून पडली होती, जाड चकचकीत पानांचा ढीग. नोएलीन रिमूच्या बुंध्याला टेकून थांबली. ढिगापलीकडे काहीतरी हललं. पान असेल. पुन्हा हललं, आणि तो कान होता.

मग एकेक तुकडा दिसू लागला. कान, त्याच्या खाली ओला काळा डोळा, मग नाक, पान चघळणारं तोंड. कोवळा नर होता. शिंगं बोटभर. पंधरा पावलांवर. पण खांद्यावर नेच्याचं पातं आडवं आलेलं, आणि छातीसमोर काटक्यांचं जाळं. नोएलीनने रायफल हळूहळू वर केली. तिच्या कानांत तिचंच रक्त धडधडत होतं. नेच्याचं एवढंसं पातं! त्याने काय होणार आहे?

फट नाही, तर गोळी नाही.

ती थांबली. हात भरून आले. डाव्या मांडीत गोळा आला. एक करडी रॉबिन कुठूनशी उडत येऊन तिच्या बुटावर बसली आणि बुटाची नाडी ओढू लागली, किडा समजून. नाडी निघेना तेव्हा तिने मान वाकडी करून नोएलीनकडे पाहिलं, तक्रार केल्यासारखं. आणि नोएलीनला आतून हसू फुटलं. हसू दाबताना छातीतली धडधड कशी कोण जाणे, खाली बसली. कोवळ्या नराने पुढचं पान घ्यायला एक पाय टाकला. खांद्यामागे तळहाताएवढी मोकळी जागा उघडली.

आवाज खरोखरच लहान होता. हरणाने एक उंच उडी मारली आणि झाडी त्याच्यामागे मिटली. मग इतकी शांतता झाली, की पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू यावं.

लगेच धावायचं नाही, हे तिला सांगितलेलं होतं. तिने थर्मास काढला आणि चहा ओतला; निम्मा कपात पडला, निम्मा गुडघ्यावर. चहा संपवून ती पानांच्या ढिगाकडे गेली. तिथे मूठभर करडे केस पडले होते. रक्ताचा थेंब नव्हता. चार पावलं पुढे गेली. नाही. दहा पावलं. नाही. एवढीशी गोळी आत जाते आणि आतच राहते. बाहेर काही सांडत नाही, हे ती ऐकून होती. पण ऐकणं वेगळं आणि त्या हिरव्या गर्दीत उभं राहणं वेगळं.

तिने केस पडले होते तिथे टोपी टांगली आणि शोधायला लागली. आधी उभ्याने, मग वाकून, मग सरळ हातापायांवर. वेलींच्या खालून सरपटत गेली. डोक्यात काटक्या अडकल्या, गालावर ओरखडा उठला. चुकला असेल नेम. नाहीतर पोटात लागली असेल आणि ते बिचारं कुठेतरी पडून तडफडत असेल.  झाडांच्या फटींतून खाली खाडी दिसत होती आणि पाणी ओसरायला लागलं होतं. आत्ता निघाली तर होडकं तरंगत असेल. थोड्या वेळाने त्याच्याखाली चिखल असणार.

ती खाडीकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग मोठ्याने म्हणाली, "जाऊ दे पाणी," आणि पुन्हा गुडघ्यांवर बसली.

सापडलं ते उन्मळून पडलेल्या राताच्या झाडाच्या मुळांखाली. ती त्याच्या जवळून दोनदा गेली होती. नेचे त्याच्यावर मिटले होते आणि ते कुशीवर पडलं होतं, पाय दुमडून, दुपारी डुलकी घेणाऱ्या जनावरासारखं. गोळी जिथे लागायला हवी तिथेच लागली होती. धावता धावताच संपलं होतं. तडफड नव्हती, काही नव्हतं.

नोएलीन त्याच्याशेजारी मटकन बसली. मानेवर हात ठेवला. मान ऊबदार होती, केस वरून रखरखीत आणि आत मऊ. तिला रडू आलं. डेस गेल्यानंतर पहिल्या हिवाळ्यात केरी आणि लायल टेबलाशी बसून हाडं चोखत होते, बोटं चाटत होते, ते तिला आठवलं. तेव्हा आपण एकदाही असा विचार केला नव्हता, की या प्रत्येक पिशवीमागे असं एक ऊबदार मान टाकलेलं जनावर असेल, आणि त्याच्याशेजारी बसलेला, गुडघे चिखलाने माखलेला एक माणूस.

"आभारी आहे," ती म्हणाली. हरणाला म्हणाली. पण म्हणताना ते शब्द हरणापाशी थांबले नाहीत, हे तिलाही कळलं.

पुढचं काम हाताचं होतं. कारखान्यात उभं आयुष्य सुरी चालवलेली बाई. पोट साफ करायला तिला वेळ लागला नाही. कलेजी वेगळी बांधली. पुढचे पाय मागच्या पायांना बांधून हरीण पाठपिशवीसारखं खांद्यावर घेतलं, आणि त्याच्या पाठीवर नारिंगी फडकं बांधलं, न जाणो कुणी दुसरा शिकारी रानात असला तर. उठताना तिला झाडाला धरावं लागलं. उतारावर दोनदा ती हरणासकट घसरली आणि दुसऱ्यांदा घसरली तेव्हा मोठमोठ्याने हसली.

किनाऱ्यावर आली तर खाडी नव्हतीच. होडकं चिखलात तिरकं बसलं होतं आणि पाणी लांबवर एका चकचकीत पट्ट्यासारखं दिसत होतं. हिवाळ्याचा दिवस कलायला लागला होता. नोएलीनने हरीण ओंडक्यावर ठेवलं, कोट गळ्यापर्यंत ओढला आणि शेजारी बसली. भरती येईपर्यंत थंडीने दात वाजणार हे उघड होतं. पण मनात चिडचिड नव्हती. उलट इतकं स्वस्थ तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला. टोकाला वळसा घालून एक बोट आली, पाण्याच्या कडेला थांबली आणि मांडीपर्यंतचे रबरी बूट घातलेला एक माणूस चिखल तुडवत येऊ लागला. क्लॅरी होता. चिखलात रुतत, शिव्या देत येत होता.

"म्हाताऱ्याने डोकं खाल्लं माझं!" तो लांबूनच ओरडला. "दुपारपासून फोनवर फोन. 'ओहोटी लागली, पोरगी आली नाही, तू काय करतोयस?' म्हटलं, बघतो. तर काठी टेकत टेकत धक्क्यावर हजर! म्हणे, तू जात नसलास तर मी जातो, बोट दे. त्या पायाने! सांग, काय करणार..."

मग त्याला ओंडक्यावरचं हरीण दिसलं आणि तो बोलायचा थांबला. जवळ आला. वाकून त्याने हरणाच्या कुशीवर हात फिरवला, केस मागेपुढे केले.

"कुठे लागलीय?"

नोएलीनने दाखवलं. शर्टाच्या गुंडीएवढं भोक होतं, बस. क्लॅरीने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"माझ्या तोफेने निम्मा खांदा उडाला असता," तो म्हणाला.

"मागची एक मांडी तुझी, क्लॅरी. तू आलास म्हणून."

"मी काय मांडीसाठी आलो का?" क्लॅरी चिडून म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "कुठली? डावी का उजवी?"

त्याने हरीण खांद्यावर घेतलं, नोएलीनने रायफल आणि कलेजी. होडकं उद्या आणू, असं ठरलं. चिखलातून जाताना तिचा एक बूट रुतून बसला. क्लॅरीने हरणासकट वाकून तो उपसून दिला आणि त्यावर एकही विनोद केला नाही.

धक्क्याच्या पायऱ्यांवर मॅग्नस उभा होता, कोटावर कोट घालून, काठीवर रेलून. बोट लागली. क्लॅरीने हरीण वर घेतलं आणि त्याच्या पायांशी ठेवलं. मॅग्नसने आधी हरणाकडे पाहिलं, मग नोएलीनकडे. गालावरचा ओरखडा, केसांतल्या काटक्या, एका पायात चिखलाने भरलेला बूट. 

"वारा कुठून होता?" त्याने विचारलं.

"गालावर होता, काका."

"हं," तो म्हणाला आणि घाईघाईने घराच्या दिशेने वळला, पाय फरफटत. त्याला चेहरा लपवायचा होता हे धक्क्यावरच्या दोघांनाही दिसलं.

संध्याकाळी तिने त्याच्या स्वयंपाकघरात कांदा आणि बेकन परतून त्यात कलेजी टाकली. वाफेने खिडकीच्या काचा धूसर झाल्या. मॅग्नस काटा हातात धरून ताटाची वाट बघत बसला होता, लहान मुलासारखा. पहिला घास घेतल्यावर त्याने डोळे मिटले. मग तो खात राहिला आणि नोएलीन सांगत राहिली. रॉबिनची गोष्ट त्याने पुन्हा सांगायला लावली. शोधाशोधीची गोष्ट ऐकताना काटा खाली ठेवला.

"ओहोटी दिसली तेव्हा निघावंसं वाटलं नाही?"

"वाटलं ना."

"मग?"

"तसंच टाकून कसं येणार?"

मॅग्नसने मान हलवली. पावाच्या तुकड्याने ताट पुसलं. नोएलीनने मनात म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"काका, आता मला बोलू द्या. हवामानाचं काढू नका. माझी पोरं तुमच्यामुळे उपाशी झोपली नाहीत. इतकी वर्षं झाली. मी तुमची फार आभारी आहे."

या वेळी तो उठला नाही. टेबलावरच्या, हरणाच्या शिंगाच्या मुठी असलेल्या दोन सुऱ्या त्याने सरळ केल्या, पुन्हा वाकड्या केल्या.

"तुला एक सांगू? आयना गेली त्या वर्षी मी ती रायफल विकायला काढली होती," तो म्हणाला. आयना म्हणजे त्याची बायको. नोएलीन या गावात लग्न होऊन आली त्याच्या थोडं आधी ती गेली होती. "मूलबाळ नाही. एकट्याला एक हरीण जास्त होतं गं. निम्मं मी पुरायचो. मांस पुरताना माणसाला स्वतःची लाज वाटते. मग मी रानात जायचंच सोडलं. इथे बसून राहायचो, या खुर्चीत. सकाळी उठून काय करायचं हेच कळत नव्हतं. आणि मग डेसचं ते झालं, आणि तुझी ती दोन भुकेली पोरं..." त्याने सुऱ्या बाजूला सारल्या. "तुझ्या पोरांनी मला पुन्हा रानात पाठवलं. खाणारी तोंडं होती, म्हणून मी उठलो. तू मुरंबे पाठवायचीस तेव्हा मला वाटायचं, ही मला काय म्हणून पाठवते? उलट मीच द्यायला हवं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू तरी कुठे बोलू देत होतीस! आलीस की आपलं 'आभार, आभार'."

नोएलीन हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मॅग्नसने रिकामं ताट पुढे केलं. "कलेजी उरलीय का? का क्लॅरीला दिलीस तीही?"

तो हिवाळा बरा गेला. नोएलीनला दर वेळी हरीण मिळालं असं नाही. रिकाम्या हातानेही ती पुष्कळदा आली. पण मॅग्नसच्या मनगटांवर मांस चढलं. डाव्या हाताची बोटं थोडी हलायला लागली, आणि शर्टाची वरची दोन बटणं तो स्वतः लावू लागला. खालची तिने लावायची. आता तो छताकडे बघत नसे; तिने काल कुठली वाट धरली, ती का चुकली, हे समजावत असे. लायल सामुद्रधुनीपलीकडच्या ब्लफहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने आईला रायफल साफ करताना पाहिलं आणि दारातच उभा राहिला. "आई, गावात सगळे सांगतात ते खरं आहे?" त्याने विचारलं. "सगळे काय सांगतात ते आधी सांग," नोएलीन म्हणाली.

वसंतात एका उबदार सकाळी तिने मॅग्नसला होडक्यात बसवलं. क्लॅरीने धरून चढवलं, घोंगडी गुंडाळली आणि "बुडवू नकोस हं म्हाताऱ्याला, सगळ्या गावाला टोमणे मारायला दुसरा कोण आहे?" असं बजावलं. मेरीच्या किनाऱ्यावर वाळूत मासळीची एक पेटी पालथी घालून तिने मॅग्नसला बसवलं, शेजारी थर्मास ठेवला आणि ती रानात गेली. झटका आल्यापासून मॅग्नस पहिल्यांदाच तिथे आला होता.  तो नुसता झाडांकडे बघत राहिला.

रानात तिला त्या दिवशी काहीच दिसलं नाही. दुपारी ती परतली, तर झाडांच्या कडेलाच तिचे पाय थांबले.

मॅग्नस पेटीवर बसला होता, कप ओठांपाशी नेलेला, तसाच हवेत धरून. त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर एक हरिणी उभी होती. वादळाने किनाऱ्यावर आणून टाकलेलं समुद्री शेवाळ ती खात होती. पोट चांगलंच मोठं दिसत होतं. शेवाळाचा लांब पट्टा तोंडातून लोंबत होता आणि ती तो ओढून ओढून, मान हलवत चावत होती. मध्येच तिने डोकं वर केलं, मॅग्नसकडे पाहिलं, कान फिरवले, आणि पुन्हा खायला लागली.

नोएलीनने बुंध्याला पाठ टेकवली आणि रायफलीतली गोळी काढून खिशात टाकली. खाडीवरून वारा येत होता, दोघांच्याही गालावर.

हरिणी सावकाश निघून गेली, पाण्याच्या कडेकडेने, वाटेत अजून दोनदा थांबून. मग मॅग्नसने कप खाली घेतला. नोएलीन त्याच्याजवळ जाऊन वाळूत बसली.

"पोटात दोन असतील," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "किती वर्षं आलो गं मी इथे. पण इतका वेळ कधी कुणी माझ्यासमोर उभं राहिलं नव्हतं."

"चहा गार झाला असेल तुमचा."

"झाला," मॅग्नस म्हणाला. त्याने तो वाळूत ओतला आणि कप पुढे केला. "दुसरा दे. आणि बस जरा. भरतीला अजून वेळ आहे."